संगणकीय भौतिकशास्त्र : बी.एस्सी. कोणती, गणित किती?

बारावीचा निकाल लागला की नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या कॉलेजांमध्ये प्रवेशाच्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, मुलीला फिजिक्स आवडतं आणि कॉम्प्युटरही आवडतो. मग बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा फॉर्म भरू का? दोन्ही होईल ना?" विचारणाऱ्या आईबाबांचं चुकत नाही. पदवीच्या नावात कॉम्प्युटर असला की नोकरीची हमी मिळाल्यासारखी वाटते. पण मुलीला पुढे संगणकीय भौतिकशास्त्र करायचं असेल, तर माझं उत्तर स्पष्ट आहे : नको. तिला भौतिकशास्त्राची बी.एस्सी. करू द्या, जोडीला गणित ठेवा आणि संगणक तिथेच शिकवा.

कारण व्यवहाराचं आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) अभ्यासक्रमात संगणकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र असतं. भौतिकशास्त्र हा मुख्य विषय तिथे नसतो. एम.एस्सी. फिजिक्सला मात्र पदवीला भौतिकशास्त्र लागतं. 'जॅम' परीक्षेतून एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या अनेक आयआयटींची अट वर्षानुवर्षं अशीच राहिली आहे : पदवीला किमान दोन वर्षं, म्हणजे चार सत्रं भौतिकशास्त्र, आणि किमान दोन सत्रं गणित. उत्तम प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा या अटीपाशीच अडतो. उलट दिशेला अशी अडचण नाही. फिजिक्सची बी.एस्सी. झालेली, गणित पक्कं असलेली मुलगी पुढे एम.सी.ए.कडे किंवा डेटा सायन्सकडे वळू शकते. दोन्हींकडे जाता येईल अशी पदवी हवी असेल, तर ती ही.

आता हे संगणकीय भौतिकशास्त्र म्हणजे नक्की काय, हे पालकांनी एकदा समजून घ्यावं. 'कॉम्प्युटरवर फिजिक्स' एवढ्यावर समाधान मानू नये. उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेऊ. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-भंडारदऱ्याकडे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात कर्जत-जामखेडची माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. हवा, बाष्प, उष्णता, डोंगर यांचे नियम माहीत आहेत, समीकरणंही लिहिलेली आहेत. पण ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात तीच समीकरणं संगणकाकडून पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायची. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे 2025 मध्ये सुरू झाली. तिच्या चौकोनाची बाजू सुमारे 6 किलोमीटर आहे. त्याआधीच्या मॉडेलची 12 होती. चौकोन मोठा असला की सह्याद्रीचा कडा आणि त्यामागचं पर्जन्यछायेचं पठार एकाच खान्यात जातं आणि अंदाज दोघांचाही चुकतो. ही गणितं संस्थेच्या 'अर्क' या महासंगणकावर चालतात. ती लिहिणाऱ्याला भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रॅमिंग तिन्ही यावं लागतं, पण पहिलं न येता बाकीची दोन येऊन भागत नाही.

या शाखेच्या इतिहासात आपल्याकडचं एक मोठं नाव आहे. हैदराबादचे अनीसुर रहमान. त्यांनी 1964 मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत 864 आरगॉन अणूंची हालचाल संगणकावर पावलापावलाने मोजून द्रव कसा वागतो ते दाखवलं. औषधाच्या रेणूपासून बॅटरीतल्या पदार्थांपर्यंत आज जी 'मॉलिक्युलर डायनॅमिक्स' वापरतात, तिच्या मुळाशी हे काम आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्रासाठी जो पुरस्कार देते, तो त्यांच्याच नावाचा आहे.

तर गणित. खरा घोळ अकरावीतच होतो. डॉक्टरकीची आशा असते, म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतलं जातं. 'नीट'ला गुण कमी पडतात, आणि मग मुलाला आठवतं की आपल्याला फिजिक्स आवडत होतं. तोवर कलनशास्त्र हातातून गेलेलं असतं. डॉक्टरकी आणि फिजिक्स यांत मन डळमळत असेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा, भार थोडा वाढला तरी चालेल.

पदवीला आता नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आहे. एक मुख्य विषय, एक मायनर, बाकी कौशल्याचे आणि भाषांचे पेपर. तीन वर्षांनी बाहेर पडलात तर पदवी, चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स; पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च', आणि त्यापुढची एम.एस्सी. एकाच वर्षाची. यात मायनर विषय निवडताना फार सांभाळा. सोपा जातो किंवा मैत्रिणीने घेतलाय म्हणून भलताच विषय मायनर घेतला, तर एम.एस्सी.च्या अर्जावर गणिताची दोन सत्रं कुठून दाखवणार? मुख्य विषय भौतिकशास्त्र, मायनर गणित, आणि कौशल्याच्या पेपरांत पायथॉन किंवा सी मिळत असेल तर ते. जिल्ह्यातली काही कॉलेजं आता स्वायत्त आहेत, त्यामुळे विषयांच्या जोड्या कॉलेजागणिक वेगळ्या असतात. शुल्काची पावती फाडण्याआधी विभागप्रमुखांना भेटून ही जोडी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकणार का, हे विचारा. शहरातलं मोठं नाव आणि मोडकी जोडी यापेक्षा तालुक्याचं कॉलेज आणि नीट जोडी केव्हाही बरी.

कोणते पेपर जीव ओतून करायचे? विकल समीकरणं, रेषीय बीजगणित, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी आणि सांख्यिकी भौतिकी, क्वांटम यांत्रिकी. शिवाय अंकीय पद्धती, ज्यांना परीक्षेपुरतं महत्त्व देऊन आपली मुलं विसरून जातात. मी मुलांना एक कसोटी देतो. पुस्तकातलं लंबकाचं सूत्र फक्त लहान कोनापुरतं खरं असतं. लंबक 60 अंशांवरून सोडला तर त्याचा आवर्तकाल किती, हे स्वतः प्रोग्रॅम लिहून काढा. तो सूत्रापेक्षा साधारण 7 टक्के जास्त यायला हवा. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. ते करताना जो रात्री जेवायला उठत नाही, त्याने या वाटेला जावं. जो उत्तर शेजाऱ्याकडून उतरवतो त्यालाही करिअर आहेच, फक्त ते इथे नाही. आणि हल्ली जो ते एआयकडून लिहून घेतो, त्याला '7 टक्केच का?' एवढं विचारून बघा.

यासाठी महागडा लॅपटॉप लागत नाही, हे घरच्यांनी ऐकून ठेवावं. साधा, जुना चालतो. त्यावर लिनक्स टाकायचं. भाषा एकच नीट शिका, पायथॉन. मग सी किंवा फोर्ट्रान. होय, फोर्ट्रान अजून जिवंत आहे, हवामानाची कितीतरी मॉडेलं त्यातच आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर लिनक्स, सी, पायथॉनचे धडे मराठीतूनही फुकट मिळतात. पाच आकडी शुल्काच्या 'एआय कोर्स'ची जाहिरात दाखवणाऱ्या क्लासवाल्याला आधी नमस्कार करा आणि मग हे धडे उघडा.

ज्यांना बारावीनंतर थेट मोठ्या संस्थेत जायचं आहे, त्यांच्यासाठी आयसरची आयएटी आणि नायसर भुवनेश्वर व मुंबईच्या सीईबीएससाठीची नेस्ट अशा दोन परीक्षा आहेत. दोन्ही पाच वर्षांचे अभ्यासक्रम. द्यायला हरकत नाही. नाही लागला नंबर तर वर्ष वाया घालवून पुन्हा बसण्यापेक्षा बी.एस्सी. सुरू करावी, कारण त्याच आयसरमध्ये बी.एस्सी.नंतर 'जॅम'मधून एकात्मिक पीएच.डी.लाही जाता येतं. इंजिनिअरिंग केलेल्यांचाही रस्ता बंद नाही. जेस्ट आणि टीआयएफआरच्या परीक्षांतून बी.ई. झालेली मुलं भौतिकशास्त्रात पीएच.डी.ला जातात. पण ती सुटलेलं क्वांटम आणि सांख्यिकी भौतिकी स्वतःच्या बळावर भरून काढतात. तो अपवाद मानावा, बेत नव्हे.

नगरकरांचं एक भाग्य असं की या विषयातली देशातली उत्तम ठिकाणं चार-पाच तासांच्या आत आहेत. कल्याण रस्त्याने आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि मग खोडद. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी बऱ्याचशा उभ्या आहेत. त्यांनी टिपलेल्या संकेतांतून आकाशाचं चित्र निघतं ते संगणकीय गणितातूनच. याच कामासाठी सप्टेंबर 2024 मध्ये 'परम रुद्र' महासंगणक पुण्यात आला. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा मुलांना घेऊन जा. पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आहे, सायंटिफिक कॉम्प्युटिंग, मॉडेलिंग अँड सिम्युलेशनचा स्वतंत्र विभाग आहे, गावात सी-डॅक आहे. दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीला अर्ज करावा. प्राध्यापकाच्या हाताखाली दोन महिने काम केल्यावर आवड खरी की पुस्तकी, ते मुलालाच कळतं.

राहिला पैशांचा प्रश्न, जो आईबाबा सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. संशोधनाची वाट लांब आहे : पदवी, एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. पण पीएच.डी. घरच्या पैशांवर करायची नसते. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, घरभाडं वेगळं. आणि एम.एस्सी.नंतरच थांबलेली मुलंही रिकामी बसत नाहीत. समीकरणातून प्रोग्रॅम आणि प्रोग्रॅममधून अर्थ काढता येणारी माणसं वाहनउद्योगाला, बँकांच्या जोखीम विभागांना, डेटा कंपन्यांना लागतात. कॅम्पसला पहिला पगार इंजिनिअर मित्रापेक्षा कमी दिसेल, हे मात्र आधीच मान्य करून ठेवा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी त्यावरून घरात वाद नको.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनो, जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. दिवाळीनंतर बघू म्हणाल तर मुदत संपलेली असेल. गणपतीच्या सुट्टीत फॉर्म भरा.