जुने इंजिन उघडायचे, की दुसरे बसवायचे?

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चाळीत राहणारे एक टॅक्सीवाले काका एका संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांची काळीपिवळी पद्मिनी १९९८ची. गाडी चढावर दम टाकू लागली होती, मागून निळसर धूर सोडत होती आणि दर आठवड्याला ऑइल मागत होती. मिस्त्रीने सांगितले, "इंजिन उघडावे लागेल, बोअर मारावे लागेल." दुसरा एक ओळखीचा म्हणाला, "कशाला या भानगडीत पडता? कुर्ल्याला भंगारात चालू इंजिन मिळते, दोन दिवसांत बसवून टाका." काका मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना विज्ञान शिकवता. तुम्हीच सांगा, काय करू?"

हा प्रश्न वरवर पाहता पैशांचा वाटतो. पण त्याच्या पोटात घर्षण आहे, बॉइलचा नियम आहे, वर्तुळाचा परिघ आहे आणि थोडी संभाव्यताही आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, काकांच्या टॅक्सीचे बॉनेट उघडून आपणही जरा आत डोकावू या.

प्रथम इंजिन झिजते कसे ते पाहू. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बोअर, ६८ मिलिमीटर, आणि पिस्टन खालीवर जाण्याचे अंतर ७५ मिलिमीटर. यावरून चारही सिलिंडरांचे एकूण घनफळ काढा. ते सुमारे १०८९ घन सेंटिमीटर येईल. क्रँकचा एक फेरा होतो तेव्हा पिस्टन एकदा खाली व एकदा वर, म्हणजे १५० मिलिमीटर चालतो. टॉप गिअरमध्ये अशी गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा क्रँकचे अंदाजे अडीच हजार फेरे होतात; शहरात खालच्या गिअरात ते वाढतात. सोयीसाठी तीन हजार धरू. मग एक लाख किलोमीटरमध्ये तीस कोटी फेरे झाले, आणि एकेक पिस्टन ४५,००० किलोमीटर घासत गेला. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालायची तर साधारण ४०,००० किलोमीटर चालावे लागते! आणि एवढ्या प्रवासानंतर सिलिंडरचे लोखंड झिजलेले असते ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आगेमागे, म्हणजे जाड केसाएवढे. याचे श्रेय ऑइलच्या पातळ थराला द्यायला हवे. पिस्टनच्या रिंगा बहुतेक वेळ लोखंडाला टेकतच नाहीत; त्या ऑइलवरून घसरतात.

बहुतेक वेळ असे म्हटले, कारण एक जागा अपवाद आहे. पिस्टन अगदी वर पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबून दिशा बदलतो. वेग शून्य झाला की ऑइलचा थर टिकत नाही. नेमक्या त्याच वेळी तेथे जळत्या वायूचा दाब व उष्णता सर्वांत जास्त असते, आणि तो दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. म्हणून सिलिंडर वरच्या टोकाशी जास्त झिजतो, खाली कमी. सरळ नळीची ती किंचित नरसाळ्यासारखी होते. रिंग जेथपर्यंत पोहोचते त्याच्या वर मात्र लोखंड न झिजता तसेच राहते आणि तेथे एक बारीक कड उभी राहते. झिजलेल्या इंजिनाचे हेड उतरवल्यावर ही कड नखाला लागते. ती तशीच ठेवून कोणी नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर नव्या रिंगेची धारदार कडा तिच्यावर आपटते आणि रिंग तुटते. स्वस्तात केलेली कामे पुष्कळदा येथेच फसतात.

आता इंजिन न उघडता आतली हकीकत कशी कळते? त्यासाठी मिस्त्री चारही प्लग काढतो, एका सिलिंडरच्या भोकात दाबमापक बसवतो, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवतो. पिस्टन हवा दाबतो आणि काटा चढतो. हवेचे आकारमान सात-साडेसात पटींनी घटते, तेव्हा बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब तितकाच पट व्हायला हवा. पण बॉइलची अट आठवा: तापमान स्थिर पाहिजे. येथे हवा झटकन दाबली गेल्याने तापते आणि दाब त्याहून वर जातो. (सायकलचा पंप मारताना तो गरम होतो, तो अनुभव तुम्हाला आहेच.) काकांच्या गाडीचे आकडे असे आले: ८.६, ८.४, ६.० आणि ८.३ किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर. तिसरा सिलिंडर गळत होता.

गळतो तो कोठून? रिंगांपाशी, की व्हॉल्व्हपाशी? यावरची युक्ती मला फार आवडते. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत ओतायचे आणि दाब पुन्हा मोजायचा. ऑइल पिस्टनवर पसरून रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, तेथे ते पोहोचत नाही. दाब वाढला तर दोष रिंगांचा वा सिलिंडरचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. तसेच शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवू लागले, तर त्यांच्यामधले गॅस्केट जळाल्याचा संशय घ्यावा. काकांच्या तिसऱ्या सिलिंडरचा दाब ऑइल घालताच ८ वर गेला. दोष व्हॉल्व्हचा असता तर हेड उतरवून थोडक्या पैशांत काम भागले असते. ती आशा संपली.

इंजिन उघडल्यावर झीज मोजायची कशी, याचे एक सोपे गणित आहे. शाळेतली व्हर्निअर कॅलिपर मिलिमीटरचा दहावा भाग दाखवते, तेवढ्याने येथे भागत नाही. गॅरेजमध्ये त्यासाठी खास डायलचा गेज असतो. पण तो नसला तरी मिस्त्री अडत नाही. रिंग ही पूर्ण कडे नसते. तिला एका जागी फट असते. नवी रिंग रिकाम्या सिलिंडरमध्ये प्रथम खाली, जेथे झीज नसते तेथे, सपाट बसवायची आणि पातळ पत्र्यांच्या फीलर गेजने ती फट मोजायची. मग रिंग वर आणून पुन्हा मोजायची. परिघ म्हणजे π गुणिले व्यास. रिंगेची लांबी तर तीच आहे. म्हणजे व्यास जेवढा वाढला त्याच्या ३.१४ पट फट वाढली पाहिजे. समजा खाली फट ०.३० आणि वर ०.८७ मिलिमीटर आली. फरक ०.५७, त्याला ३.१४ ने भागले की झीज ०.१८ मिलिमीटर. एका साध्या रिंगेने झीज तिप्पट मोठी करून दाखवली! आणखी एक मौज अशी की सिलिंडरचा मूळ व्यास या हिशेबात कोठेच आला नाही. स्कूटरचे इंजिन असो की आगबोटीचे, तिप्पट ती तिप्पटच.

अशा गाड्यांत साधारणपणे ०.१० ते ०.१५ मिलिमीटरपर्यंतची झीज चालवून घेतात. त्यापुढे सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन मोठा करावा लागतो आणि त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात. ६८ चा ६८.५ केला तर इंजिनाचे घनफळ किती वाढेल ते काढून पाहा. सुमारे १६ घन सेंटिमीटर येईल, म्हणजे दीड टक्का. बोअर मारल्यावर सिलिंडरला आतून होनिंगच्या दगडाने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत अधिक चांगली, असे तुम्हाला वाटेल. पण तशा भिंतीवर ऑइल टिकत नाही. त्या रेघांच्या चऱ्यांतच ते साठून राहते.

मात्र ब्लॉकला तडा असेल तर हा सारा खटाटोप व्यर्थ जाऊ शकतो. तडा शोधण्याची जुनी रीत तुम्ही घरी एखाद्या केसाएवढी चीर गेलेल्या, झिलई असलेल्या मातीच्या भांड्यावर करून पाहा. रॉकेल लावा, दहा मिनिटांनी अगदी कोरडे पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. चिरेत शिरलेले रॉकेल केशाकर्षणाने खडूत चढते आणि चिरेची ओली रेघ उमटते. (जवळपास विस्तव नको, आणि मोठे माणूस बरोबर असावे.)

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. भंगार बाजारातले वापरलेले इंजिन दिसते स्वस्त, पण ते आतून कसे आहे हे विकणाऱ्याला कदाचित माहीत असते, घेणाऱ्याला नसते. या एका गोष्टीने बाजाराचे काय होते, यावर जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला, आणि त्याने उदाहरण घेतले तेही वापरलेल्या मोटारींचेच. समजा बाजारात निम्मी इंजिने चांगली, ४० हजारांच्या लायकीची, आणि निम्मी वाईट, १० हजारांच्या लायकीची आहेत. फरक ओळखता येत नाही म्हणून गिऱ्हाईक सरासरी २५ हजार देऊ करते. मग चांगल्या इंजिनाचा मालक म्हणतो, या भावात मी विकत नाही. तो बाजारातून उठतो आणि उरतात ती वाईट इंजिने. या कामासाठी २००१ साली अॅकरलॉफला इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मिस्त्रीने मात्र हेच एका प्रश्नात सांगितले: "ते इंजिन विकायला का काढले, ते आधी विचारा."

आता हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी गोल धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा करा. इंजिनाचे पूर्ण काम: ४८ हजार, गाडी पंधरा दिवस बंद, रोजची ८०० रुपये कमाई बुडाली ती १२ हजार, एकूण ६० हजार. ते इंजिन नीट वापरले तर १,२०,००० किलोमीटर चालेल. वापरलेले इंजिन: बसवण्यासकट ३० हजार, तीन दिवसांची बुडीत कमाई २,४००, एकूण ३२,४००. चारांतली तीन इंजिने चांगली निघतात व ६०,००० किलोमीटर चालतात, एक वाईट निघते व १०,००० मध्ये बसते, असे धरू. सरासरी ४७,५०० किलोमीटर.

पहिल्या वाटेने किलोमीटरला ५० पैसे पडले, दुसऱ्या वाटेने ६८ पैसे. म्हणजे काम करून घेणे फायद्याचे, असे काकांना सांगायला मी तोंड उघडलेच होते. तेवढ्यात ते म्हणाले, "पण मास्तर, माझी गाडी अजून दोनच वर्षे चालणार आहे."

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. १९९८ ची गाडी २०१८ मध्ये उतरणार. दोन वर्षांत फार तर ५०,००० किलोमीटर. सव्वा लाखाचे इंजिन करून त्यातले निम्म्याहून अधिक आयुष्य भंगारात द्यायचे! मी पुन्हा मांडले. पूर्ण काम: ६० हजार भागिले ५०,००० म्हणजे किलोमीटरला १ रुपया २० पैसे. वापरलेले इंजिन: चारांत तीनदा ३२,४०० वर भागते; एकदा ते वाईट निघून पुन्हा तेवढेच खर्चावे लागतात, म्हणजे ६४,८००. सरासरी ४०,५००, किलोमीटरला ८१ पैसे. इंजिन तेच, भाव तेच, आणि उत्तर उलटे. एक विचार न करता मी जवळजवळ चुकीचा सल्ला देऊन बसलो होतो.

पण सरासरी ही चार काकांची असते. आमच्या काकांना चारांतले ते एक वाईट इंजिन मिळाले असते, तर त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी भरणे कठीण होते. म्हणून मिस्त्रीने सांगितलेला प्रश्न घेऊन आम्ही फिरलो. भंगारात सुटी पडलेली इंजिने पाहिलीच नाहीत. वयोमर्यादा भरल्यामुळे उतरणारी टॅक्सी शोधली; तिचे इंजिन वाईट होते म्हणून ती निघालेली नव्हती, कायद्याने निघाली होती. अॅकरलॉफची अडचण येथे बरीचशी टळते. इंजिन गाडीतच चालू असताना चारही सिलिंडरांचे दाब घेतले. तीन ठीक होते, पहिला किंचित कमी. ऑइल घातल्यावर तो हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्हचे काम. सीएनजीच्या गाडीत ते नवल नव्हे. तेवढे पैसे किमतीतून कापून घेतले. इंजिनावर कोरलेला क्रमांक जुन्या गाडीच्या आर.सी. बुकाशी ताडून पाहिला, विकल्याचा कागद घेतला आणि बदल आर.टी.ओ. मध्ये नोंदवला. हे न केल्यास चोरीच्या गाडीचे इंजिन गळ्यात पडू शकते.

२०१८ मध्ये काकांची टॅक्सी उतरली तेव्हा ते इंजिन चालूच होते. काकांनी ते विकायला काढले, पण फारसा भाव आला नाही. ते बसवायला मुंबईत टॅक्सीच्या पद्मिनी थोड्याच उरल्या होत्या. त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.