राहून गेलेला 'जी'

तीन मिलिमीटर. नऊ मजली इमारत भूकंपात गच्चीपाशी जेमतेम तीन मिलिमीटर सरकते, असं माझं मॉडेल सांगत होतं आणि मी ते खुशाल मान्य केलं होतं. दोन विंगांमधली फटसुद्धा त्याच आकड्यावर बेतली. पुण्यातल्या एका आरसीसी कन्सल्टंटकडे लागून मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सरांनी प्रिंटआउट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अरे, ही इमारत आहे की कातळ?"

चूक एका अक्षराची होती. आपल्या भूकंपाच्या कोडात, म्हणजे आयएस १८९३ मध्ये, जो आलेख दिलेला असतो त्याच्या उभ्या अक्षावर त्वरण 'जी'ने, म्हणजे गुरुत्वत्वरणाने, भागून मांडलेलं असतं. त्या आकड्याला एककच उरत नाही. सॉफ्टवेअरला मात्र त्वरण एककासकट लागतं. म्हणून स्केल फॅक्टर भरताना तो काढून घेतलेला 'जी' आपणच परत घालायचा: आय गुणिले जी, भागिले दोन आर; आय म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा गुणक, आर म्हणजे बल घटवणारा गुणक. माझ्या इमारतीला आय १, आर ५, मॉडेल मीटरमध्ये. उत्तर ०.९८१. मी भरलं होतं ०.१.

आता खरी खोच. बेस शिअर, म्हणजे पायथ्याशी येणारं भूकंपाचं एकूण आडवं बल, इतका कमी येऊनही मला शंका कशी आली नाही? कारण कोडच सांगतं की डायनॅमिक बेस शिअर स्टॅटिकपेक्षा कमी आला तर त्या प्रमाणात वाढवून घ्या. हा गुणक साधारण सव्वा-दीडच्या आसपास येताना मी पाहिला होता. त्या दिवशी ११.८ आला. मी इमानेइतबारे सगळी बलं ११.८ ने गुणली. कॉलम, बीम, पाया, सगळ्यांचं डिझाइन बरोबर निघालं! सरकण्याचा आकडा मात्र जुन्या, न वाढवलेल्या केसमधून उचलला. तीन मिलिमीटर खरे पस्तीस होते, आणि त्यावर बेतलेली फटही तितक्याच पटीने तोकडी. कोडातल्या एका चांगल्या नियमाने माझी चूक झाकली होती. दोष नियमाचा नाही, ११.८ बघून डोळे न उघडणाऱ्याचा.

सरांनी ११.८ ला ९.८१ ने भागलं. १.२. "हा बघ तुझा जी," म्हणाले.

तेव्हापासून काही आकडे मी ओळखीच्या चोरांसारखे लक्षात ठेवलेत. उत्तर अपेक्षेपेक्षा ९.८१ पट किंवा ०.१०२ पट आलं, तर 'जी' एकदा जास्त नाहीतर कमी पडलाय. ९६ पट आलं, तर एकदा भागायचं तिथं गुणलंय. इमारतीचा आवर्तकाल ३.१३ पट वाढला, तर वस्तुमानाच्या जागी वजन भरलंय; ३.१३ म्हणजे ९.८१ चं वर्गमूळ. साइटवर सगळेच 'टन' म्हणतात, तो टन वस्तुमानाचा की बलाचा हे कुणी विचारत नाही, म्हणून हा चोर सगळ्यात जास्त भेटतो. हजार पटीच्या चुकीची मला भीती वाटत नाही. मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये ९८१० ऐवजी ९.८१ पडलं तर उत्तर इतकं हास्यास्पद येतं की शिकाऊ पोरगाही थांबतो. दहा पटीची चूक मात्र सभ्य कपड्यांत येते, आणि उत्तर आपल्या सोयीचं असेल तर आपणच तिला खुर्ची देतो.

प्रत्यक्ष भूकंपाची नोंद वापरताना आणखी जपावं. भूकंपवाले गॅलमध्ये बोलतात. गॅलिलिओच्या नावावरून आलेलं हे एकक, एक गॅल म्हणजे एक सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी इतकं कमाल त्वरण टिपलं. तेच ६१८ गॅल, ६.१८ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि अमेरिकन पुस्तकात सुमारे २०.३ फूट प्रति सेकंद वर्ग. फाइलच्या डोक्यावर एकक लिहिलेलं असतंच असं नाही, आणि लिहिलेलं असलं तरी मी विश्वास ठेवत नाही. आधी रकान्यातला सर्वांत मोठा आकडा शोधतो आणि त्या भूकंपाच्या माहीत असलेल्या शिखराशी ताडून बघतो. ०.६३ दिसला की जी, ६१८ दिसला की गॅल. दोन मिनिटांचं काम आहे.

९.८१ घ्यायचे की १९०१ साली ठरलेले प्रमाण ९.८०६६५, यावर नवी मुलं हिरिरीने वाद घालतात. इमारतीसाठी तो वाद चहाबरोबर संपवावा. सरसकट १० धरले तरी फरक दोन टक्क्यांच्या आत. गुरुत्व सर्वेक्षण करणाऱ्यांचं तसं नाही. त्यांचं यंत्र एक मजला वर नेलं की वाचन जवळजवळ एका मिलिगॅलने उतरतं, म्हणजे 'जी'च्या साधारण दहा लाखाव्या भागाने, आणि तेवढ्यावर त्यांची भाकरी असते.

आमच्या ऑफिसात आता कॅल्क्युलेशन शीटच्या पहिल्या ओळीत बेस शिअर भागिले एकूण वजन हा आकडा हाताने लिहावा लागतो, पेनने. ही सक्ती माझीच. नव्याने आलेल्या मुलीने परवा विचारलं, "सर, सॉफ्टवेअर देतंच की हे, मग पेनने कशाला?" मी कपाटातून ती जुनी प्रिंटआउट काढून तिच्यापुढे ठेवली. तीन मिलिमीटरभोवती सरांनी लाल शाईने काढलेलं वर्तुळ अजून फिकं पडलेलं नाही.