संत कॅथरिन आणि ते चाक



येत्या २५ नोव्हेंबरला अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा स्मरणदिन आहे. त्यानिमित्त रफाएल या इटालियन चित्रकाराने सुमारे १५०७ साली रंगवलेले तिचे चित्र आज समजून घेऊ या. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

प्रथम खूण शोधावी. जुन्या चित्रांत संत त्यांच्याजवळच्या वस्तूवरून ओळखू येतात. संत पेत्राजवळ किल्ल्या असतात, तसे कॅथरिनजवळ चाक. परंपरा सांगते की, या तरुण विदुषीने सम्राटासमोर पन्नास तत्त्वज्ञांना निरुत्तर केले. चिडलेल्या सम्राटाने तिला खिळ्यांच्या चाकावर मारण्याची आज्ञा दिली. चाक मोडले, मग तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. या कथेला ऐतिहासिक आधार थोडा, म्हणून १९६९ साली तिचे नाव ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळले गेले. २००२ मध्ये ते परत आले.

दुसरे, देहाची ठेवण पाहावी. शेतातून दमून आलेला माणूस बैलगाडीच्या चाकाला रेलतो, तशी ती डावा हात चाकावर टेकून उभी आहे. उजवा हात छातीवर, नजर वर, सोनेरी प्रकाशाकडे. रक्त नाही, मारेकरी नाही. जे मारायला आणले, त्याचाच तिने आधार केला. प्रभूच्या क्रुसाचेही असेच झाले नाही का?

तिसरे, संताचे नाव लोकांनी कशासाठी वापरले, तेही पाहावे. १५१० साली याच सणाच्या दिवशी पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. म्हणून जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिला अर्पण केलेले आहे. मुख्य वेदीवर तिच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. अशा रीतीने ती तलवारीच्या विजयाची खूण बनली. परंतु तिचा स्वतःचा विजय शब्दाचा होता. तलवार तर तिच्याच मानेवर पडली. हा फरक आपण विसरू नये.

आपल्या घरीही एखादे चाक असते : आजारपण, कर्ज, धान हातचे गेलेले वर्ष. ते लगेच मोडेल, असे मी सांगत नाही. त्याच्याजवळ उभे असताना नजर कुठे ठेवावी, एवढे कॅथरिन शिकवते.

घरी करण्यासाठी : आज संध्याकाळी घरातील संताच्या चित्रासमोर सर्वांनी पाच मिनिटे शांत बसावे. हातात काय आहे? नजर कुठे आहे? हे आधी पाहावे, मागणे नंतर मागावे.