जुन्या पिकअपचा लहरी दिवा: मामाचे कानमंत्र

भाचेराव, जुनी पिकअप घेतलीस, छान केलंस. बीएस-४ काळातलं कॉमन रेल डिझेल इंजिन आहे, नीट सांभाळलंस तर नाशिक-वाशी खेपा बिनबोभाट करील. पण कधीतरी इंजिनचा दिवा लागेल, गाडी दम टाकेल आणि गॅरेजच्या दारात पोचताच गुणी बाळासारखी चालेल. तेव्हा घाबरून सेन्सर बदलत सुटू नकोस, हे वाच.

१. डॅशबोर्डवर छोटी वही ठेव आणि गाडीने दगा दिला की लगेच लिही – इंजिन गार होतं की तापलेलं, माल भरलेला की रिकामी, पाऊस की कोरडं, यातच अर्धं निदान असतं. नुसतं लक्षात ठेवतो म्हणू नकोस, तुला मी लहानपणापासून ओळखतो.

२. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नकोस – बिघाडाचा कोड आणि त्या क्षणाची फ्रीझ फ्रेमची नोंद पुसली जाते. आधी स्कॅनर लाव, पडद्याचा फोटो काढ.

३. कोड आला म्हणजे सेन्सर गेला, असं नाही – पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये घोळ, आणि सर्किटात वायर, कपलर, अर्थ सगळंच आलं. दिवा गाव सांगतो, घर आपण शोधायचं.

४. पहिला मल्टिमीटर बॅटरीला – बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ हवेत. व्होल्ट पडले की चांगले सेन्सरही खोटं बोलल्यासारखे दिसतात.

५. मग अर्थ. मीटरची एक पिन इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून सेल्फ मारायला सांग – काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा नट सैल आहे. पट्टी काढ, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने लखलखीत घास, नट आवळ. सैल नट, खर्चाला वाट.

६. गाडी आयडलवर ठेवून वायरिंग वीतभर वीतभर हलवत जा, एकाला स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर नजर ठेवू दे – जिथे आकडा उडी मारतो तिथेच तुटकी तार किंवा सैल पिन सापडते. पंखा आणि बेल्टपासून हात लांब.

७. कपलर काढताना चावी बंद, आणि आतल्या पिना उजेडात बघ – हिरवा थर, वाकलेली पिन, फाटलेलं रबर सील, यांतलं काही ना काही बऱ्याचदा दिसतं. वायरला टाचणी टोचून तपासू नकोस, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं.

८. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर चौघांनाही दोष देऊ नकोस – बरेच सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर असतात, एक शॉर्ट झाला की सगळी ओळ झोपते. एकेक कपलर काढ. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, चोर तोच.

९. कसारा घाट चढताना तापून बंद पडते आणि विसाव्यानंतर लागते, तर संशय क्रँक सेन्सरवर – गरम झाल्यावर आतली गुंडाळी उघडते, गार झाली की जुळते. बंद पडल्या पडल्या सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघ. शून्य असेल तर सिग्नल पोचत नाही. दोन वायरींचा सेन्सर असेल तर ओहम त्याच वेळी मोज, तीन वायरींच्या हॉल सेन्सरला ओहम लावू नकोस. गार इंजिन गुन्हा कबूल करत नाही.

१०. कूलंट सेन्सर सकाळी तपास, सेल्फ मारण्याआधी – रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं. उणे ४० दाखवत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय.

११. नंतर बसवलेला जीपीएस, हॉर्न, म्युझिक यांचे जोड आधी उघड – पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड घाटातल्या हादऱ्यात सैल होतो. इंजिनवर प्रेशरचं पाणीही मारायचं नाही.

१२. चालू इंजिनवर डिझेलचा हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नकोस – भारावर आत हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडीत घुसते.

१३. घाटात बंद पडलीच तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नकोस, एकदाच दाबून धर – इंजिन थांबलं की ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंगही जड होतं. गाडी कडेला घे, हँडब्रेक ओढ, चाकाला दगड लाव, मगच बॉनेट उघड.