आधी तांदळाचं मॉडेल लिही

अगं, जँगो, लाराव्हेल की स्प्रिंग बूट, हे मैत्रिणींच्या ग्रुपवर मतं मागवून ठरत नसतं. तुझाच प्रोजेक्ट घे. वेल्ह्यातल्या बचत गटाचा इंद्रायणी आणि आंबेमोहर पुण्याच्या गिऱ्हाइकांना ऑनलाइन विकायचाय ना? मग शिल्लक किती, किलोचा भाव काय, शिलकीपेक्षा जास्त ऑर्डर घ्यायची नाही, हे सगळं मॉडेलचं काम. गिऱ्हाइकाला दिसतं ते पान म्हणजे व्ह्यू. त्यानं बटण दाबलं की मॉडेलला विचारून पुढचं पान ठरवतो तो कंट्रोलर. ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी ही विभागणी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७९ साली मांडली, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. म्हणून एक फ्रेमवर्क नीट शिकलीस की दुसरं परकं वाटत नाही.

जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना मजकूर झटपट भरता यावा म्हणून त्यात अ‍ॅडमिन तयारच मिळतो. तू मॉडेल लिहिलंस की गटातल्या काकू संध्याकाळी स्वतः भाव बदलू शकतील. फक्त तिथे कंट्रोलरच्या कामाला व्ह्यू म्हणतात आणि पानाला टेम्प्लेट. दोन दिवस गोंधळशील, मग सवय होईल.

लाराव्हेल २०११ चं. पीएचपी असल्यामुळे स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरही बहुतेक ठिकाणी चालतं. भोरच्या दुकानदारांच्या साइट करून चार पैसे मिळवायचे असतील तर हेच बघ. मात्र अ‍ॅडमिन मूळ पॅकेजमध्ये नसतो, वेगळा जोडावा लागतो. स्प्रिंग बूट नोकरीसाठी शीक, हिंजवडीत जावा कायम लागतं. पण एकटीनं तांदूळ विकायला एवढा पसारा कशाला? रेल्स मला मनापासून आवडतं, लाराव्हेलनं त्याच्याकडून बरंच उचललंय, पण आपल्याकडे शिकवणारं माणूस सहज सापडत नाही.

तुला पायथन येतं, म्हणून माझं मत जँगोला.

आता खरी मेख ऐक. शेवटचे दहा किलो उरलेत आणि दोघांनी एकाच क्षणी दहा-दहा मागितले, तर? दोघांनाही ‘ऑर्डर पक्की’ दिसलं की भांडण काकूंच्या दारात. ट्रान्झॅक्शन उघड, शिलकीची ओळ सिलेक्ट-फॉर-अपडेटनं लॉक कर, शिल्लक पुरते का बघ, मगच वजा कर. आणि हा नियम जँगोच्या व्ह्यूमध्ये कोंबू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर काकू अ‍ॅडमिनमधून भरतील, तेव्हा तो व्ह्यू चालणारच नाही. नियम मॉडेलमध्ये असला तर दोन्ही वाटांनी लागू होतो. फ्रेमवर्क कुठलंही घे, चुका होतात त्या इथेच.

शिवाय रिअ‍ॅक्टचा हट्ट सोड. तोरण्याच्या पायथ्याला रेंज कशी येते-जाते ते मी का तुला सांगायचं? सर्व्हरनं तयार करून पाठवलेलं साधं पान तिथे उघडतं. आधी जावास्क्रिप्टची जड फाइल उतरवायची म्हटलं तर काकू फोन ठेवून भात लावायला निघून जातील.

रविवारी भोरला येतेय. तोवर पानाच्या रंगांना हात लावू नकोस. नुसतं मॉडेल लिही, अ‍ॅडमिनमध्ये काकूंना चार ऑर्डरी भरायला लाव आणि त्या कुठे अडतात ते वहीत लिहून ठेव.