मधुमेह : खेड्यांतील घरांकरितां एक धडा

मधुमेह हा शहरांतील, गादीवर बसून काम करणाऱ्या श्रीमंतांचा रोग होय, असा समज आमच्या खेड्यापाड्यांत अद्याप दृढ आहे. “आम्ही दिवसभर शेतांत राबतों, अंगावर मांस नाहीं, आम्हांस साखरेचा आजार कोठून होणार?” असें पुष्कळ जण म्हणतात. हा समज खरा नाहीं, व तो खरा मानल्यामुळें कित्येक घरांचें मोठें नुकसान होत आहे. म्हणून ह्या आठवड्याच्या पाठाकरितां आम्हीं हा विषय घेतला आहे.

आमच्या माहितींतील एक शेतकरी गृहस्थ शरीरानें काटक, वयानें पन्नाशीच्या आसपास होते. तालुक्याच्या गांवीं तपासणी झाली तेव्हां त्यांच्या रक्तांतील साखर फार वाढलेली आढळली, व डॉक्टरांनीं गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनीं त्यांस बरें वाटूं लागलें, तेव्हां आतां गोळ्या कशास, असें म्हणून त्यांनीं त्या सोडून दिल्या. पुढें चार वर्षांनीं त्यांच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला. पाय बधिर झाला असल्यामुळें तो त्यांस कळलाच नाहीं. जखम चिघळली, व ऐन पेरणीच्या दिवसांत गुडघ्याखालीं पाय कापावा लागला. उपचारासाठीं बैलजोडी विकली गेली आणि थोरल्या मुलाची शाळा सुटली. हें सारें टळण्यासारखें होतें, याचेंच आम्हांस अधिक दुःख होतें.

हा रोग म्हणजे काय, तें आधीं समजून घेऊं. आपण भाकरी, भात किंवा पोळी खातों, तिची शरीरांत साखर होऊन ती रक्तांत मिसळते. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचें इंद्रिय आहे. त्यांतून इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत येतो, व त्याच्या योगानें ही साखर स्नायूंत शिरून शक्तीच्या कामीं येते. तो रस कमी पडला, किंवा शरीर त्यास दाद देईनासें झालें, म्हणजे साखर रक्तांतच सांचून राहते. घरांत कणगी भरलेली असून माणसें उपाशी राहावीं, तशी ही स्थिति आहे. अशी सांचलेली साखर वर्षानुवर्षें बारीक रक्तवाहिन्यांस व मज्जातंतूंस इजा करिते, आणि मग डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय यांवर तिचा घाला येतो. वारंवार तहान व लघवी लागणें, वजन घटणें, थकवा येणें, दृष्टि अंधुक होणें, जखम लवकर न भरणें, हीं त्याचीं लक्षणें होत. परंतु आरंभीं पुष्कळांस कांहींच दुखत नाहीं, व ह्यांतच खरा धोका आहे.

आतां, काटक देहास हा रोग कां व्हावा? पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ सालीं के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं गरोदर स्त्रिया व त्यांचीं बाळें यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बाळांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बाळांचें सुमारें ३.५ किलो होतें. परंतु आपल्या बाळांच्या अंगीं मांस जितकें कमी होतें, तितकी चरबी कमी नव्हती. पुढें २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचीं छायाचित्रें शेजारीं शेजारीं प्रसिद्ध झालीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच होतें. तथापि युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ होती. म्हणजे वजनाचा कांटा आपणांस सर्व कांहीं सांगत नाहीं. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरांहून व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांहून अधिक असल्यास सावध झालें पाहिजे, मग हातपाय कितीही बारीक असोत.

यावरून दुसरी एक गोष्ट ध्यानांत येते. पोटांतील बाळाच्या पोषणाचा त्याच्या पुढील आरोग्याशीं संबंध आहे. ज्या घरीं सून सर्वांच्या मागून उरलेंसुरलें जेवते, तें घर आपल्या नातवंडांच्या आरोग्यास मुकत आहे. तिच्या ताटांत डाळ, भाजी, दूध, अंडें हीं आधीं पडलीं पाहिजेत.

हा रोग खेड्यांत किती आहे? २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत शहरांतील प्रौढांपैकीं शेंकडा १६.४, व खेड्यांतील शेंकडा ८.९ लोकांस मधुमेह आढळला. परंतु जे रोगाच्या उंबरठ्यावर आहेत, ते दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे शेंकडा १५ च्या वर निघाले. शेतावर राबण्याचा अभिमान आम्ही बाळगतों खरा. पण आतां नांगर ट्रॅक्टर ओढतो, पाणी मोटार उपसते, आणि बाजारास आपण फटफटीवर जातों.

उंबरठ्यावरून परत फिरतां येतें, ही मात्र आनंदाची गोष्ट होय. अशा लोकांनीं आहार सुधारला व नियमानें व्यायाम केला, तेव्हां रोग होण्याचें प्रमाण अमेरिकेंतील एका प्रयोगांत (२००२) शेंकडा ५८ नें, व चेन्नईच्या प्रयोगांत (२००६) शेंकडा २८ नें घटलें. त्याकरितां पुढील नियम आम्ही सुचवितों.

१. रोज निदान अर्धा तास झपझप चालावें.

२. चहांतील साखर मोजावी. दिवसांतून चार कप व प्रत्येकीं दोन चमचे धरिले, तर महिन्यास जवळजवळ एक किलो साखर एकट्याच्या पोटांत जाते. गूळ घातल्यानें हा दोष टळत नाहीं.

३. भात किंवा भाकरी कमी करून तिच्या जागीं उसळ, पालेभाजी, काकडी, मुळा हीं वाढवावीं.

४. तंबाखू, विडी व मिश्री सोडावी. मधुमेह्याच्या रक्तवाहिन्यांस तंबाखू फार घातक आहे.

५. वयास तीस वर्षें पूर्ण झालीं कीं प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. उपाशीं पोटीं साखर १२६ किंवा त्याहून अधिक आढळल्यास, व फेरतपासणींतही तसेंच आलें, तर तो मधुमेह होय. १०० ते १२५ हा उंबरठा समजावा.

ज्यांस रोग जडला आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध सोडूं नये. साखर ताब्यांत आली ती औषधानें व पथ्यानें आली, हें विसरूं नये. ज्यांस इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें त्यांनीं लाज बाळगूं नये. १९२१ सालीं टोरांटो येथें त्याचा शोध लागण्यापूर्वीं अशा कित्येक मुलांस मरणावांचून गति नव्हती. अनवाणी चालूं नये. रोज रात्रीं पाय धुऊन, पुसून, तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडांत पाहाव्या. स्वतःस दिसत नसेल तर घरांतील मुलानें पाहाव्या. पाय शेकोटीनें किंवा गरम विटेनें शेकूं नयेत. लहानशी जखमही त्याच दिवशीं दाखवावी. वर्षांतून एकदां डोळे व लघवी तपासावी.

हा पाठ घरीं मोठ्यानें वाचावा, व मग पुढील प्रश्नांचा विचार करावा : आमच्या घरांत तिशीच्या पुढील किती जणांची तपासणी झाली आहे? सर्वांच्या शेवटीं कोण जेवतें? कोणीं औषध मध्येंच सोडलें आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आल्यास, येत्या बाजारच्या दिवशीं बाजाराच्या आधीं दवाखान्यांत जावें.