एका दिवसाला एकच खोरं

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा नकाशा उघडला की सह्याद्रीवरून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्या आधी नजरेत भरतात. उत्तरेला मांडवी आणि पुष्पावती, मध्ये कुकडी, तिच्या दक्षिणेला मीना आणि त्याखाली घोड. दर दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक सोंड पसरलेली. शिवकाळात पुण्यापासून शिरवळपर्यंत बारा मावळं आणि जुन्नरपासून चाकणपर्यंत बारा नेरं मोजली जात. शिवनेर, मीननेर, घोडनेर ही त्यांतलीच. माणसांचं जाणंयेणं खोऱ्याने होई, म्हणून कारभारही खोऱ्याने चाले. डोंगर अजून तिथेच आहेत. सहलीचा बेत आखणारे मात्र गड, लेणी, धबधबे आणि देवळांची यादी करतात आणि डोंगर हिशेबात धरत नाहीत.

पुण्यातल्या एका कुटुंबाने श्रावणातल्या एका रविवारी नाणेघाट आणि भीमाशंकर जोडून घ्यायचं ठरवलं. प्रस्तुत लेखक त्या गाडीत पाहुणा होता. दोन्ही ठिकाणं सह्याद्रीच्या एकाच धारेवर, सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. पण नाणेघाटावरून गाडी पुन्हा जुन्नरला उतरते, डोंगर ओलांडून घोडेगावला येते, मग डिंभे धरणाच्या बाजूने पोखरीचा घाट चढते. अंतर शंभरीच्या घरात जातं. घाटात धुकं होतं, पुढे वाहनांची रांग होती. अंधार पडला, फोनची रेंज गेली आणि गाडीतल्या आजींना धाप लागली. दर्शन सोडून गाडी घोडेगावकडे वळवली, तिथे आजींवर उपचार झाले आणि त्या सावरल्या. तरी ते दोन तास त्या कुटुंबातला कुणी विसरलेला नाही. असं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर सांगणं.

जर्मनीत ऱ्हाइनकाठी जाणाऱ्या मराठी मंडळींनाही असाच अनुभव येतो. बिंगेन ते कोब्लेंझ हा सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे. दोन्ही काठांनी रेल्वे धावते, पण माइन्झ सोडलं की कोब्लेंझपर्यंत नदीवर पूल नाही. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथे जायला मात्र फेरीबोट धरावी लागते. त्यामुळे जाणकार एका काठाने जातात आणि दुसऱ्या काठाने परततात. आपल्याकडे पाण्याऐवजी डोंगर आडवा आहे, म्हणून एका दिवसात एकच खोरं धरावं.

सुरुवात कुकडीपासून करावी आणि तिला दोन दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी भल्या सकाळी थेट नाणेघाट गाठावा. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे येणारा माल इथून चढे. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही त्यात आहेत. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर आहे. तिथून खाली येताना चावंड लागतो. १८१८ साली इंग्रजांनी या गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. आज आधाराला रेलिंग असलं तरी ओल्या कातळावर लहान मुलांना नेऊ नये. जवळच पूर गावी कुकडेश्वराचं प्राचीन शिल्पसंपन्न मंदिर आहे. इथेच कुकडीचा उगम मानतात. एवढ्यात दिवस संपतो, मुक्काम जुन्नरला.

दुसरा दिवस शिवनेरी आणि लेण्याद्रीचा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला तो शिवनेरी २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आला. सात दरवाजांची वाट सोपी आहे; साखळीची वाट सवय असलेल्यांनीच धरावी. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर गिरिजात्मजाचं दर्शन होतं, आणि तो गणपती ज्या डोंगरात बसला आहे तिथे तिसेक बौद्ध लेणी आहेत. गणपतीपुढे हात जोडून लगेच उतरणाऱ्यांकडून सहाव्या लेण्यातलं चैत्यगृह राहून जातं. ते आवर्जून पाहावं. दोन्ही डोंगरांवर आग्या मोहोळं असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

पुष्पावती-मांडवीच्या बाजूला माळशेज घाट, खिरेश्वरचं नागेश्वर मंदिर, पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय आणि ओतूर. ओतूरला मांडवीकाठी कपर्दिकेश्वर आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला मोठी यात्रा भरते. माळशेजच्या धबधब्याखाली गाडी थांबवण्याचा मोह अनेकांना होतो. वरून दगड येतात, म्हणून तो आवरावा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणांसाठी मनाई आदेश काढतं; निघण्याआधी ते पाहून घ्यावेत.

मीनेच्या खोऱ्यात वरच्या टोकाला आंबोली आणि दाऱ्या घाट, मध्ये वडज धरण आणि खाली नारायणगाव. टोमॅटोचा बाजार, तमाशाच्या फडांच्या राहुट्या आणि विठाबाई नारायणगावकरांचं नाव यांसाठी हे गाव महाराष्ट्रभर ओळखलं जातं. इथे मासवडी खावी. जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. इथे परवानगीवाचून प्रवेश नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती सर्वांसाठी खुली होते, शाळकरी मुलं असतील तर हाच मुहूर्त धरावा.

घोडेच्या खोऱ्यात पहिली फसगत नावाची. नकाशात नुसतं ‘आंबेगाव’ टाकलं तर गाडी पुण्यात कात्रजजवळच्या आंबेगावला जाऊ शकते. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं घोडेगावला आणि मोठी बाजारपेठ मंचरला आहे. म्हणून नकाशात घोडेगावच टाकावं आणि पेट्रोल, औषधं, रोख पैसे तिथेच पाहून घ्यावेत. पश्चिमेला महादेव कोळी समाजाची गावं आहेत. भात, नाचणी आणि हिरड्यावर त्यांचा संसार चालतो. आहुपे परिसरात जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा, कारण आयत्या वेळी आलेल्या दहा माणसांसाठी कुणाच्या घरी भाकरी तयार नसते.

याच भागात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. रोजच्या एसटीच्या चालकाला रस्त्यावरून गाव दिसेना, तेव्हा पहिली खबर बाहेर पोचली. माळीणला जायचं तर स्मारकापुढे मान झुकवायला जावं. तिथे सेल्फी काढू नयेत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये इशारा असेल तेव्हा या खोऱ्यात मुक्कामाचा बेत ठेवूच नये. भीमाशंकरला जाणाऱ्यांनी श्रावण आणि शनिवार-रविवार टाळले तर दर्शनही नीट होतं आणि अभयारण्यात सकाळी शेकरूही दिसण्याची शक्यता वाढते.

सगळ्याच खोऱ्यांच्या खालच्या अंगाला एक सावधगिरी हवी. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या कालव्यांनी ऊस आला आणि त्या दाट उसात बिबट्यांनी घर केलं. इथल्या शेतकऱ्यांनी बिबट्यांच्या हल्ल्यांत आपली लेकरंही गमावली आहेत. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेला गाडी थांबवू नये, मुलांना एकटं उतरू देऊ नये, कुणी खाली वाकून बसू नये. बिबट्या दिसला तर फोटोसाठी मागे न लागता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

एक दिवस हाती उरला तर कुकडीच्याच काठाने खाली जावं. बोरी बुद्रुकला नदीच्या थरांत इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारं सापडली आहेत. त्याखाली, तालुका ओलांडून शिरूर-पारनेरच्या हद्दीवर निघोजचे रांजणखळगे आहेत. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यापासून पुढे ते उत्तम दिसतात. खळगे खोल आहेत आणि त्यांच्या कडा गुळगुळीत. त्यामुळे नदीला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलं आहे का हे आदल्या दिवशी गावात विचारावं. सुटलं असेल तर पात्रात न उतरता काठावरूनच पाहावं.